डार्विनच्या घरातली दवबिंदूची रोपं

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकींच्या डोळ्यांसमोर शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र येतं. एका टोकाला वाकलेलं माकड, दुसऱ्या टोकाला ताठ उभा माणूस आणि बाजूला लांब पांढऱ्या दाढीचे आजोबा. परीक्षेत चार मार्कांची टीप लिहिली की डार्विनचा आणि आपला संबंध संपला! माझाही बरीच वर्षं एवढाच संबंध होता. पुढे झाडांच्या नादाने वाचायला लागले, तेव्हा एक वेगळाच डार्विन हाती लागला. आजारी मुलीसाठी जीव टांगणीला लागलेला, स्वतःही सतत आजारी आणि एका चिमुकल्या रोपट्याला उकडलेल्या अंड्याचे कण भरवत बसलेला. आज या डार्विनबद्दल लिहायचं आहे.

त्या रोपट्याचं शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. इंग्रजीत सनड्यू, आणि आपल्या मराठीत किती सुंदर नाव आहे पाहा, दवबिंदू! पावसाळ्याच्या शेवटी कासच्या पठारावर गेला असाल तर गाइडने वाकून दाखवलं असेल. इवलंसं, जमिनीलगत, लालसर. पानभर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमचमणारा थेंब. दव वाटतं, पण दुपारच्या उन्हातही ते सुकत नाही, कारण तो चीक असतो. चिलट त्यावर बसलं की चिकटतं, धडपडतं, आणि मग आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. पान पोटासारखा पाचक रस सोडतं आणि किड्यातलं हवं ते शोषून घेतं. काही दिवसांनी पान पुन्हा उघडतं, तेव्हा उरलेलं असतं फक्त टरफल. ही रोपं जिथे वाढतात त्या पाणथळ किंवा कातळावरच्या जमिनीत नायट्रोजन फारसा नसतो. म्हणून ही तरतूद.

आता डार्विन. जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावातला. वडील नामांकित डॉक्टर, घर पैशाने भरलेलं. आई मात्र चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच गेली. डॉक्टरकी शिकायला घातलं ती जमली नाही, मग पाद्री करायचं ठरलं, तेही झालं नाही. १८३१ च्या डिसेंबरात बीगल नावाच्या जहाजावरून तो जगप्रवासाला निघाला आणि पाच वर्षांनी परतला. या प्रवासावर इतकं लिहिलं गेलंय की मी पुढे जाते. परत आल्यावर लग्न करावं की नाही, याचे फायदे-तोटे त्याने चक्क कागदाचे दोन भाग करून लिहून काढले. शेवटी फायद्यांची बाजू जिंकली आणि २९ जानेवारी १८३९ ला त्याचं एमा वेजवुडशी लग्न झालं. एमा त्याची सख्खी मामेबहीण, वयाने त्याच्याहून काही महिन्यांनी मोठी. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी करतात, तसंच हे. पण हेच नातं पुढे त्याच्या जिवाला घोर लावणार होतं.

१८४२ मध्ये दोघं लंडन सोडून डाऊन नावाच्या खेड्यात राहायला गेली आणि डार्विनने उरलेली चाळीस वर्षं त्याच घरात काढली. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. सगळ्यात मोठा घाव ॲनीचा. दहा वर्षांची ही लाडकी लेक आजारी पडली म्हणून डार्विन तिला माल्व्हर्नला उपचारांसाठी घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, तिला प्रवास शक्य नव्हता. २३ एप्रिल १८५१ ला ॲनी गेली ती वडिलांजवळ, आई घरी पत्रांची वाट बघत असताना. तीन आठवड्यांत एमा बाळंत झाली. त्या बाईने ते दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ॲनीनंतर घरातलं कुठलंही मूल तापाने फणफणलं की डार्विनचं काळीज थरथरायचं. आपण जवळच्या नात्यात लग्न केलं म्हणून तर मुलं नाजूक झाली नाहीत ना, ही शंका त्याला कुरतडायची. पुढे १८७० मध्ये, जनगणनेत चुलत-मामे लग्नांची नोंद घ्यावी म्हणून त्याने एका खासदार मित्राकरवी प्रयत्नही करून पाहिला. संसदेने तो फेटाळला.

आणि आता १८६० चा उन्हाळा. सजीवांच्या उत्पत्तीवरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये निघालं होतं आणि सगळा इंग्लंड ढवळून निघाला होता. ३० जूनला ऑक्सफर्डमध्ये त्यावरून बिशप आणि शास्त्रज्ञांत जाहीर खडाजंगी झाली. डार्विन तिथे नव्हताच. पोटाच्या दुखण्याने हैराण होऊन तो पाण्याचे उपचार घेत होता. शिवाय घरात सोळा वर्षांची हेन्रिएटा, म्हणजे लाडाची एटी, एप्रिलपासून तापाने अंथरुणाला खिळलेली. आठवडे गेले, महिने गेले, पोरगी उठेना. ॲनीला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

जुलैत सगळी मंडळी ससेक्समधल्या हार्टफील्डला, एमाच्या बहिणीकडे गेली. तिथल्या माळरानावर फिरताना डार्विनला दवबिंदू दिसला. हे रोप किडे पकडतं एवढं लोकांना तेव्हाही ठाऊक होतं, त्यात नवल नव्हतं. त्याला नवल वाटलं ते किती पकडतं याचं. त्याने सहज बारा रोपं उचलून घरी आणली आणि मोजायला बसला. पूर्ण उमललेली पानं ५६, त्यातल्या ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष. एवढे किडे योगायोगाने मरत नसतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग हे रोप त्यांचं करतं काय?

शरद ऋतूत एटीला समुद्राची हवा मानवेल म्हणून कुटुंब ईस्टबोर्नला गेलं. जड ग्रंथ नाहीत, प्रयोगशाळा नाही, डोक्याला लेकीची काळजी. अशा घरात डार्विनने दवबिंदूवर प्रयोग सुरू केले, तेही स्वयंपाकघरात सापडेल ते घेऊन. दूध, मांसाचे कण, अंड्याचा पांढरा भाग. एमाने त्या दिवसांत एका मैत्रिणीला कळवलं की नवरा या झाडाला जिवंत प्राण्यासारखंच वागवतोय आणि बहुतेक शेवटी ते प्राणीच आहे असं सिद्ध करणार! तिच्या त्या थट्टेत मला दमलेल्या बाईचा सुस्काराही ऐकू येतो. मुलगी आजारी, नवरा आजारी, आणि नवरा झाडाला दूध पाजतोय. पण नवऱ्याचं मन कशात तरी गुंतलंय म्हणजे तो खचणार नाही, हेही तिला कळत असणार. त्याच नोव्हेंबरात डार्विनने आपल्या भूगर्भशास्त्रज्ञ मित्राला, लायेलला, लिहिलं की या क्षणी जगातल्या सगळ्या प्रजातींच्या उगमापेक्षा मला ड्रॉसेराची पर्वा जास्त आहे. सगळं जग ज्या पुस्तकावरून भांडत होतं, त्या पुस्तकाचा लेखक हे लिहीत होता!

एटी हळूहळू बरी झाली. पुढे वडिलांच्या पुस्तकाची हस्तलिखितं तपासून देण्याइतकी ती हुशार निघाली आणि १९२७ पर्यंत जगली.

मधली बरीच वर्षं दवबिंदू मागे पडला. ऑर्किडवरचं पुस्तक, वेलींवरचं काम, माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक, शिवाय अधूनमधून महिनोन्‌महिने आजारपण. १८६३ च्या सुरुवातीला डाऊनच्या बागेत उबदार काचघर उभं राहिलं, त्यात क्यूच्या सरकारी बागेतून मित्र हूकरने रोपं पाठवली. १८७२ मध्ये डार्विन पुन्हा नेटाने दवबिंदूकडे वळला.

या प्रयोगांचं वर्णन वाचताना मला सारखं वाटतं की हे एखाद्या चिकट स्वभावाच्या गृहिणीने केलेले असावेत. एका पानावर साधारण दोनशे केस असतात, तेही त्याने पानामागून पान घेऊन मोजले. मग थेंब टाकून पाहिले. साखरेचं पाणी, डिंक, स्टार्च, ऑलिव्ह तेल, चहा हे पदार्थ ६१ पानांवर टाकले, एकही पान हललं नाही. दूध, मांसाचं पाणी, अंड्याचा पांढरा भाग, लाळ, असले पदार्थ ६४ पानांवर टाकले, त्यातली ६३ वाकली. म्हणजे या झाडाला प्रथिनं कळतात, गोडधोड नको असतं. उकडलेल्या अंड्याचे इवले चौकोनी तुकडे ठेवले तर आधी त्यांचे कोपरे गोल व्हायचे, मग तुकडा विरघळून जायचा. त्या रसात सोडा मिसळला की पचन थांबायचं आणि आम्ल घातलं की पुन्हा सुरू. थेट आपल्या पोटासारखं! माणसाच्या केसाचा एक तुकडा, वजनाने मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून हलका, आपल्या जिभेवर ठेवला तर कळणारही नाही. दवबिंदूच्या पानाला तो कळला. पावसाचा थेंब पडला तर मात्र पान ढिम्म. पावसाळी झाडाने प्रत्येक थेंबाला वाकायचं म्हटलं तर कसं चालेल?

यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. कोलकात्यात अनेक वर्षं डॉक्टरी केलेल्या जोसेफ फेररने सापांवर मोठं काम केलं होतं. त्याच्या कृपेने डार्विनला नागाचं विष मिळालं. त्याने ते दवबिंदूच्या पानांवर घातलं. माणसाला मारणारं विष, पण पानं त्याने मेली नाहीत, उलट जास्त चीक सोडायला लागली.

या कामात एका बाईचा हात आहे आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड गावात मेरी ट्रीट राहायची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मासिकांत झाडं-किडे यांवर लेख लिहून पोट भरणारी. कॉलेजचं पाठबळ नाही, हुद्दा नाही. घरातच कीटकभक्षी रोपं वाढवायची, तासन्‌तास बघत बसायची आणि १८७१ पासून डार्विनला पत्राने कळवायची. पाण्यात वाढणाऱ्या युट्रिक्युलॅरिया नावाच्या वनस्पतीच्या फुगीर पिशव्यांत जीव नेमके कसे अडकतात, याबद्दल तिची निरीक्षणं डार्विनच्या सुरुवातीच्या समजापेक्षा सरस निघाली आणि त्याने पुस्तकात तिचं नाव घेऊन तिला श्रेय दिलं. त्या काळी बाईला असं नावानिशी श्रेय मिळणं सोपं नव्हतं. याच युट्रिक्युलॅरियाची बहीण आपल्या कासवर निळा-जांभळा गालिचा घालते. आपण तिला सीतेची आसवं म्हणतो. फुलं नाजूक, पण मातीखाली तेच सापळे.

एव्हाना तुमच्यातल्या काहीजणींनी मनात ठरवलं असेल की एक दवबिंदू आपल्याही गॅलरीत हवा. हरकत नाही, पण कासहून किंवा कोकणातल्या सड्यावरून उपटून आणू नका. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे आणि तिथून रोप काढणं गुन्हा आहेच, शिवाय ते घरी जगणारही नाही. आपल्याकडचे दवबिंदू पावसाळ्यात उगवून पुढे बी टाकून संपणारे. डार्विनचा गोल पानांचा दवबिंदू थंड प्रदेशातला, त्याला आपला मे महिना सोसणार नाही. नर्सरीत ड्रॉसेरा कॅपेन्सिस मिळतो, मूळ दक्षिण आफ्रिकेचा, लांब पट्टीसारख्या पानांचा. तो नवशिक्यांना बरा. माझ्याकडे तोच आहे.

त्याची निगा आपल्या बाकीच्या कुंड्यांच्या अगदी उलट करायची. शेणखत नाही, गांडूळखत नाही, तांदळाचं धुवण नाही, काहीही नाही. माती म्हणजे पीट किंवा स्फॅग्नम शेवाळ आणि त्यात धुतलेली जाड वाळू. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते घ्यायचं तर बऱ्याचदा धुऊन. कुंडी बशीत ठेवायची आणि बशीत बोटभर पाणी कायम. पण पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नळाचं नको आणि बोअरचं तर मुळीच नको, क्षारांनी रोप महिन्या-दोन महिन्यांत झुरतं. मी पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ बादल्या लावते आणि झाकणाचे कॅन भरून ठेवते. आधी शेजारणी हसायच्या, आता एक जण तिच्यासाठीही एक कॅन भरून ठेवायला सांगते. सकाळचं ऊन भरपूर हवं. ऊन कमी पडलं की पानावर थेंब येत नाहीत आणि लाली जाते. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र सावलीत सरकवा. खायला घालायची गरज नाही, चिलटं ते आपलं आपण पकडतं. डार्विन अंडं घालायचा म्हणून आपण खिमा घालायला जाऊ नये. मोठा घास मिळाला की पान काळं पडून सडतं. मुलांना सारखं बोट लावू देऊ नका, केस उगाच वाकतात. फुलाचा दांडा आला आणि बी धरलं तर ते धुळीसारखं बारीक असतं. मातीवर नुसतं भुरभुरवायचं, पुरायचं नाही.

परत डाऊनला जाऊ. कीटकभक्षी वनस्पतींवरचं डार्विनचं पुस्तक जुलै १८७५ मध्ये बाहेर पडलं. हार्टफील्डच्या माळावरची ती बारा रोपं उचलल्याला पंधरा वर्षं झाली होती. पुस्तकातली चित्रं जॉर्ज आणि फ्रान्सिस या मुलांनी काढली. म्हणजे हा घरचाच उद्योग. एमाने दवबिंदूवर एक ओळही लिहिली नाही, पण हे काम ज्या घरात झालं ते घर तिने चालवलं. नवऱ्याच्या उलट्या, ग्लानी, रात्रीची जागरणं तिने सांभाळली. ठरल्या वेळी त्याला कादंबऱ्या वाचून दाखवल्या. रोज संध्याकाळी दोघं बॅकगॅमनचे दोन डाव खेळत. डार्विन त्याचाही हिशोब ठेवायचा, मोजल्याशिवाय त्याला चैनच नव्हती. १८७६ पर्यंत एमाने २४९० डाव जिंकले होते आणि त्याने २७९५. एमा देवभोळी होती आणि नवऱ्याच्या विचारांनी आपली मरणानंतर ताटातूट होईल ही भीती तिने लग्नाच्या सुरुवातीलाच पत्रात लिहून त्याच्या हाती दिली होती. दोघांचं या बाबतीत कधी जुळलं नाही. ते पत्र मात्र त्याने जन्मभर जपून ठेवलं.

पुस्तक आलं तरी एक मोठा प्रश्न उरलाच होता. झाड किडे पचवतं हे कबूल, पण त्याचा झाडाला फायदा होतो का? काही शास्त्रज्ञ म्हणत, किड्यांशिवायही ही रोपं छान वाढतात, मग हा सगळा खटाटोप निरर्थकच. डार्विनकडे याचं ठोस उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं ते फ्रान्सिसने. १८७६ च्या सप्टेंबरमध्ये त्याची तरुण बायको एमी बाळंतपणानंतर अवघ्या काही दिवसांत गेली. तान्ह्या बर्नार्डला घेऊन तो आईवडिलांकडे डाऊनला आला. अडुसष्ट वर्षांच्या एमाच्या मांडीवर पुन्हा बाळ आलं. फ्रान्सिस वडिलांच्या कामात मदत करत होताच आणि पुढच्या जूनमध्ये त्याने दवबिंदूची सुमारे दोनशे रोपं आणून सूपच्या खोलगट बशांमध्ये शेवाळ भरून त्यात लावली. घरात ज्या बशांत सूप वाढायचं, त्या बशा! प्रत्येक बशीच्या मध्ये लाकडाची बुटकी पट्टी. बाहेरचा किडा यायला नको म्हणून वरून जाळीचं कापड. पट्टीच्या एका बाजूच्या रोपांना दर काही दिवसांनी भाजलेल्या मांसाचे कण, दुसऱ्या बाजूची उपाशी. खाऊ घातलेल्या बाजूची पानं काही दिवसांतच जास्त हिरवी दिसू लागली. उन्हाळा सरला, फुलं आली, बी धरलं आणि मोजणी झाली. उपाशी बाजूच्या दर १०० बियांमागे खाऊ घातलेल्या बाजूला २४१. बियांचं वजन तर पावणेचार पट. मांस खाऊन दवबिंदूने सगळ्यात जास्त भर घातली होती ती पुढच्या पिढीत.

डार्विन पुढे गांडुळांवर पुस्तक लिहिण्यात गढून गेला. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला घरात त्यांच्यासमोर पियानो वाजवला जायचा, असं ते घर! १९ एप्रिल १८८२ ला त्र्याहत्तराव्या वर्षी तो डाऊनलाच गेला, एमा जवळ होती. घरच्यांना त्याला गावच्याच चर्चच्या आवारात मुलांशेजारी ठेवायचं होतं, पण देशाने मोठ्या मानाने वेस्टमिन्स्टर ॲबीत नेलं. एमा त्या सोहळ्याला गेली नाही, घरीच थांबली.

कीटकभक्षी वनस्पतींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८८८ मध्ये निघाली. ती फ्रान्सिसने तयार केली आणि सूपच्या बशांचा निकाल त्यात घातला. एमा तेव्हा ऐंशी वर्षांची होती. हिवाळ्यात केंब्रिजला राहायची आणि उन्हाळा आला की डाऊनच्या घरी परत यायची.